घरी येणाऱ्या एल.पी.एन.ची सेवा: न्यू जर्सीतील एका होम हेल्थ एजन्सीचे परीक्षण

एडिसन आणि आसपासच्या गावांत घरी परिचारिका पाठवणाऱ्या एका एजन्सीची सेवा आम्ही सासूबाईंसाठी काही महिने घेतली. मधुमेहामुळे तळपायाला झालेली जखम चिघळल्याने त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले होते. घरी सोडताना डॉक्टरांनी जखमेचे ड्रेसिंग, रक्तातील साखरेवर लक्ष आणि इन्सुलिन घेण्याची शिकवण यांसाठी होम हेल्थ सेवा लिहून दिली. या सेवेबद्दल माझे मत असे आहे, की प्रत्यक्ष घरी येणाऱ्या परिचारिकेचे काम उत्कृष्ट होते, तिच्यावर देखरेख करणाऱ्या वरिष्ठ परिचारिकेचे काम चांगले होते आणि एजन्सीच्या कार्यालयाचा कारभार मात्र निराशा करणारा होता. एजन्सीचे नाव मी येथे देत नाही, कारण माझ्या तक्रारी एका शाखेतील अनुभवावर आधारलेल्या आहेत आणि जे तपासून पाहायला हवे ते कोणत्याही एजन्सीच्या बाबतीत सारखेच आहे. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील आता येथे आपल्याजवळ राहतात, आणि कधी ना कधी अशी सेवा घ्यावी लागतेच. त्या वेळी दारात उभी असलेली व्यक्ती कोणत्या परवान्यावर काम करते आणि तिच्या पाठीशी कोण आहे, या दोन प्रश्नांवर सगळी सेवा तोललेली असते, असे माझे ठाम मत झाले आहे.

आमच्याकडे नियमितपणे येणाऱ्या परिचारिका एल.पी.एन., म्हणजे लायसेन्स्ड प्रॅक्टिकल नर्स होत्या. मराठी घरांत ‘नर्स’ हा एकच शब्द सगळ्यांसाठी वापरला जातो, त्यामुळे हा दर्जा नेमका काय आहे हे सांगणे आवश्यक वाटते. अमेरिकेत आर.एन., म्हणजे रजिस्टर्ड नर्स, दोन ते चार वर्षांचे शिक्षण घेऊन होते. एल.पी.एन.चा अभ्यासक्रम साधारण वर्षभराचा असतो आणि तो बहुधा सामुदायिक महाविद्यालयात किंवा व्यवसायशिक्षण शाळेत शिकवला जातो. कॅलिफोर्निया आणि टेक्सास या दोन राज्यांत याच परिचारिकेला एल.व्ही.एन. म्हणतात, तर कॅनडातील ओंटारियो प्रांतात आर.पी.एन. हे नाव आहे. अमेरिकेत अशा परिचारिकांसाठी परवान्याचा कायदा सर्वप्रथम मिसिसिपी राज्याने १९१४ मध्ये केला, आणि पुढे एकेका राज्याने तो केला. आज देशभरात सुमारे साडेसहा लाख एल.पी.एन. काम करतात. वृद्धाश्रमासारख्या नर्सिंग होममध्ये, डॉक्टरांच्या दवाखान्यात आणि लोकांच्या घरी चालणारी रोजची शुश्रूषा फार मोठ्या प्रमाणात त्यांच्याच हातून होते.

न्यू जर्सीच्या कायद्यानुसार एल.पी.एन. आपले काम आर.एन., डॉक्टर किंवा दंतवैद्य यांच्या निर्देशाखाली करते. त्याचा व्यवहारातील अर्थ असा, की ती जखम धुते, बांधते, मोजते, औषधे आणि इंजेक्शने देते, रक्तदाब आणि साखर तपासते, बदल दिसला तर कळवते, आणि आर.एन.ने सुरू केलेली शिकवण पुन्हा पुन्हा करून घेते. रुग्णाचे सर्वांगीण मूल्यांकन करणे आणि शुश्रूषेची योजना आखणे हे आर.एन.चे काम असते. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठीचा अमेरिकी सरकारचा आरोग्यविमा, त्याच्या होम हेल्थ सेवेत तर ही रेषा नियमांतच आखलेली आहे. रुग्णालयातून घरी आल्यावर किंवा डॉक्टरांची सूचना मिळाल्यावर ४८ तासांच्या आत पहिली भेट व्हावी लागते, आणि परिचर्येची गरज असलेल्या रुग्णाच्या बाबतीत ती भेट आर.एन.नेच घ्यावी लागते.

आमच्याकडे ती भेट वेळेवर झाली, आणि ती चांगली झाली. आलेल्या आर.एन. बाईंनी जखम पाहिली, दुसऱ्या पायाची बोटे एकेक करून उघडून पाहिली, चालण्याचा, पडण्याचा, दिसण्याचा, झोपेचा असा सगळा तपशील विचारून लिहून घेतला, आणि मग घरात असतील नसतील ती सगळी औषधे टेबलावर मांडायला सांगितली. सासूबाईंच्या डब्यात येथील दुकानातून आणलेली मेटफॉर्मिनची बाटली होती आणि पुण्याहून येताना आणलेल्या ग्लायकोमेटच्या पट्ट्याही होत्या. दोन्हींत औषध एकच आहे, हे बाईंनी पट्टीवरचे बारीक अक्षर वाचून दाखवले आणि त्याच वेळी डॉक्टरांच्या कार्यालयात फोन करून कोणते ठेवायचे ते विचारून घेतले. भारतातून औषधांचा साठा आणण्याची पद्धत आपल्या बहुतेक घरांत आहे. म्हणून पहिल्या भेटीत परिचारिकेने औषधे पाहिली नाहीत तर ती पाहायला सांगावीत, असे मी आग्रहाने सुचवीन.

त्यानंतर आठवड्यातून तीन वेळा ड्रेसिंगसाठी एल.पी.एन. येऊ लागल्या. त्या मूळच्या हैतीच्या, वयाने पन्नाशीच्या आणि अतिशय शांत स्वभावाच्या होत्या. सासूबाईंना त्या ‘ममा’ म्हणत, आणि सासूबाई त्यांना पहिल्या आठवड्यापासून ‘बाई’ म्हणू लागल्या. आमच्याकडे खोलीतच देवघर असल्यामुळे पादत्राणांचा प्रश्न आला. कामावर असताना बूट काढून ठेवता येत नाहीत असे त्यांनी सांगितले, आणि पुढच्या भेटीपासून त्या दारातच बुटांवर कापडी आवरणे चढवून आत येऊ लागल्या. आम्ही काहीही मागितले नसताना त्यांनी ही व्यवस्था स्वतः केली, याचे सासूबाईंना फार अप्रूप वाटले.

त्यांच्या कामाची पद्धत मी जवळून पाहिली आहे. आपली बॅग त्या कधीही जमिनीवर किंवा पलंगावर ठेवत नसत. खुर्चीवर कागदाचा थर अंथरून त्यावर बॅग ठेवायची, हात धुवायचे आणि मगच बॅगेत हात घालायचा, हा क्रम एकदाही चुकला नाही. हातमोजे घालून जुने ड्रेसिंग काढले की त्या ते नुसते टाकून देत नसत, त्यावर किती स्राव आहे, कोणत्या रंगाचा आहे आणि वास कसा आहे हे आधी पाहत. मग ते मोजे काढून टाकायचे, हात पुन्हा स्वच्छ करायचे आणि नवे मोजे घालायचे. सलाइनने जखम धुताना गॉजचा प्रत्येक तुकडा मधून बाहेरच्या दिशेने एकदाच फिरवून टाकला जाई. जखमेची लांबी आणि रुंदी कागदी पट्टीने आणि खोली कापूस लावलेल्या काडीने मोजून सेंटिमीटरमध्ये लिहिली जाई. अल्जिनेट ड्रेसिंग, म्हणजे स्राव शोषून घेणारी मऊ पट्टी, त्या जखमेच्या आकाराइतकेच कापत, कारण ते आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर आले तर ओलाव्याने ती कातडी पांढरी पडून सुटू लागते. शेवटी पट्टीवर तारीख आणि आपली आद्याक्षरे लिहूनच त्या उठत. ज्या दिवशी त्या येत नसत त्या दिवशीचे ड्रेसिंग मला करायचे होते. त्यासाठी आर.एन. बाईंनी पहिल्यांदा शिकवले होतेच, पण एल.पी.एन. बाईंनी माझ्याकडून प्रत्येक पायरी करून घेतली आणि जेथे माझा हात घाईने चाले तेथे थांबवले. या शिकवणीशिवाय मला ते काम निर्धास्तपणे करता आले नसते.

एका भेटीत जखमेच्या कडेला लाली पसरलेली दिसली आणि पाय हाताला गरम लागत होता. बाईंनी पेन काढले, लालीच्या कडेने कातडीवर बारीक रेघ आखली आणि रेघेशेजारी वेळ लिहिली. मग तेथूनच आर.एन. बाईंना फोन लावून मोजमापे, ताप, साखरेचे आकडे आणि स्रावाचे वर्णन एकामागून एक असे सांगितले. मी विचारले, की जंतुसंसर्ग झाला आहे का. त्यांनी सांगितले, “मला जे दिसते ते मी कळवले आहे, ते काय आहे हे आर.एन. आणि डॉक्टर ठरवतील, आणि त्या आजच येतील.” दुपारी आर.एन. आल्या तेव्हा लाली रेघेच्या बाहेर गेलेली होती, आणि संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू केले. आपल्या परवान्याची मर्यादा जाणणारी परिचारिका हातावर हात ठेवून बसत नाही, हे मला त्या दिवशी दिसले. जे निर्णय तिचे नाहीत ते ज्यांचे आहेत त्यांच्यापर्यंत ती वेळेत आणि नेमक्या शब्दांत पोहोचवते, आणि दूर बसलेल्या माणसाला योग्य निर्णय घेता यावा इतकी माहिती ती आधी गोळा करून ठेवते. परिचर्येतील हे कौशल्य बाहेरून फारसे दिसत नाही, म्हणून त्याची दखल येथे मुद्दाम घेते आहे.

दुसरा प्रसंग आषाढी एकादशीचा आहे. सासूबाईंनी लग्नानंतर ही एकादशी कधी मोडलेली नाही, आणि त्या दिवशी त्यांचा उपास असणार हे बोलता बोलता बाईंच्या कानावर आले. उपासाला दिवसभर फार थोडे खायचे आणि इन्सुलिन मात्र नेहमीचे घ्यायचे, यात साखर एकदम खाली येण्याचा धोका असतो. उलट साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली तर साखर भराभर वर जाते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. बाईंनी उपास करू नका असे म्हटले नाही, आणि इन्सुलिनची मात्रा अमुक करा असेही सांगितले नाही. त्या दिवशी काय काय खाल्ले जाते, किती वाजता आणि किती, हे त्यांनी विचारून टिपून घेतले आणि आर.एन.ला कळवले. डॉक्टरांनी त्या एका दिवसासाठी इन्सुलिनच्या वेगळ्या सूचना दिल्या. त्या घेऊन आर.एन. बाई आल्या आणि वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, ताक आणि थोडे फळ असा दिवसभराचा आहार सासूबाईंशी बोलून ठरला. साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर पोटात जाईल इतका फळांचा रस घ्यायचा आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, ही सूचना एल.पी.एन. बाईंनी एकादशीच्या आधीच्या भेटीत सासूबाईंकडून वदवून घेतली. तो रस उपासाला चालतो याची खात्री झाल्यावर सासूबाईंनी त्या सूचनेला मनापासून होकार दिला. श्रद्धेचा अनादर न करता सुरक्षितता सांभाळण्याचे हे काम त्या दोघींनी फार जबाबदारीने केले.

आता परवान्याविषयी. न्यू जर्सीत परिचारिकांना परवाना देणारे मंडळ नेवार्क येथे आहे आणि ते राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाखाली काम करते. एल.पी.एन. होण्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून एन.क्लेक्स-पी.एन. ही राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणीही होते. परीक्षा संगणकावर होते आणि उमेदवाराच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड येतो. एप्रिल २०२३ पासून तिचे स्वरूप बदलले असून आता कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न आणि पाच तासांची मुदत असते. निकालात गुण नसतात, फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण इतकेच सांगितले जाते. न्यू जर्सीत परवान्याचे दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी ३० तासांचे पुढील शिक्षण पूर्ण केलेले असावे लागते. ही अट आर.एन. आणि एल.पी.एन. दोघींनाही आहे.

घरात परिचारिका येणार असेल तर तिचा परवाना तपासून पाहणे हा अविश्वास दाखवण्याचा प्रकार आहे, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. मला ते मान्य नाही. परवान्याची नोंद मुळातच लोकांना पाहता यावी म्हणून जाहीर ठेवलेली आहे. राज्याच्या संकेतस्थळावर किंवा नर्सिस या राष्ट्रीय नोंदवहीत नाव घातले की परवान्याचा प्रकार, तो चालू आहे की संपला आहे, कधी संपणार आहे आणि परिचारिकेवर काही शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे विनामूल्य कळते. नर्सिसवर आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे परवाना एका राज्यापुरता आहे की बहुराज्यीय आहे. न्यू जर्सी १५ नोव्हेंबर २०२१ पासून परिचारिकांच्या आंतरराज्य करारात पूर्णपणे सहभागी आहे, त्यामुळे करारातील दुसऱ्या राज्यात राहणारी परिचारिका आपल्या बहुराज्यीय परवान्यावर येथे काम करू शकते. शेजारचे न्यूयॉर्क राज्य हे लिहीत असताना या करारात नाही, म्हणून तेथे राहून येथे काम करणाऱ्या परिचारिकेला न्यू जर्सीचा वेगळा परवाना लागतो. आमच्या बाईंना मी नोंद पाहिल्याचे सांगितले तेव्हा त्यांना राग आला नाही. उलट, प्रत्येक कुटुंबाने तसे करावे असे त्या म्हणाल्या.

एजन्सीच्या कार्यालयाविषयी मात्र असे चांगले लिहिता येत नाही. भेटीची वेळ आदल्या संध्याकाळी कळवली जाईल असे आम्हाला लेखी सांगितले होते, पण प्रत्यक्षात बहुतेक वेळा आम्हीच फोन करून विचारत असू आणि उत्तर ‘दहा ते चारच्या दरम्यान’ असे मिळे. जेवणाच्या वेळेशी बांधलेले इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णासाठी हे उत्तर पुरेसे नाही. ड्रेसिंगचे साहित्य मेडिकेअरच्या नियमाप्रमाणे एजन्सीनेच पुरवायचे असते, पण ते दोनदा तरी इतके उशिरा आले की बाईंना आपल्या गाडीतील साठ्यातून काढून द्यावे लागले. या दिरंगाईचा दोष परिचारिकांकडे जात नाही. घरी भेटी देणाऱ्या परिचारिकांना अनेक एजन्सी तासाऐवजी भेटीमागे पैसे देतात. दोन घरांमधला प्रवास, रहदारीत गेलेला वेळ आणि रात्री घरी बसून लिहिलेल्या नोंदी यांचा हिशेब त्यात नीट होत नाही. कार्यालय एका दिवसात जितक्या भेटी कोंबते तितके वेळापत्रक कोसळते, आणि त्याबद्दलची नाराजी दारात उभ्या असलेल्या परिचारिकेलाच ऐकून घ्यावी लागते. अमेरिकी कामगार सांख्यिकी विभागाच्या मे २०२४ च्या आकड्यांनुसार एल.पी.एन.चा मध्यक वार्षिक पगार ६२,३४० डॉलर आहे आणि आर.एन.चा ९३,६०० डॉलर. मध्य न्यू जर्सीतील घरभाडे पाहता पहिल्या आकड्यात संसार चालवणे किती कठीण आहे हे येथील वाचकांना सांगायला नको.

सर्वांत गंभीर प्रसंग एका शनिवारचा होता. आमच्या बाई सुट्टीवर होत्या, बदली एल.पी.एन. मिळाली नाही, आणि कार्यालयाने ड्रेसिंगच्या भेटीसाठी होम हेल्थ एड पाठवली. न्यू जर्सीत एडला ७६ तासांचे प्रशिक्षण घेऊन परिचर्या मंडळाचेच प्रमाणपत्र मिळवावे लागते. आंघोळ घालणे, कपडे बदलणे, चालताना आधार देणे अशी कामे त्या करतात आणि ती मोलाचीच आहेत. परंतु चिघळलेल्या खोल जखमेचे ड्रेसिंग हे त्यांचे काम नव्हे. आलेल्या तरुणीने पाय पाहताच स्वतःहून सांगितले, की मला हे करण्याची परवानगी नाही. तिने प्रामाणिकपणे नकार दिला म्हणून त्या दिवशी काही विपरीत घडले नाही. ड्रेसिंग मी केले. सोमवारी मी लेखी तक्रार दिली, आणि त्यावर कार्यालयाने वेळापत्रकातील चूक इतकेच उत्तर दिले. परवान्यांचे तीन स्तर कायद्याने ज्या कारणासाठी वेगळे ठेवले आहेत ते कारण कार्यालयात बसलेल्या माणसाला ठाऊक नसेल, तर घरी येणाऱ्यांच्या कौशल्यावर सगळा भार पडतो. माझ्या मूल्यमापनात या एका गोष्टीमुळे मी एजन्सीचे गुण बरेच कमी केले आहेत.

भाषेच्या बाबतीत सुरुवातीला अडचण झाली आणि नंतर ती दूर झाली. पहिल्या दिवशी कार्यालयाने गृहीत धरले, की सून घरी आहे तर तीच भाषांतर करील. घरच्या माणसासमोर वृद्ध स्त्री सगळेच बोलत नाही. शरीराच्या काही तक्रारी सासूबाईंनी मला कधीच सांगितल्या नसत्या. सरकारी पैसा घेणाऱ्या आरोग्यसेवेला दुभाषा विनामूल्य उपलब्ध करून द्यावा लागतो, म्हणून आम्ही तो मागितला. आधी हिंदी दुभाषा देऊ केला गेला, पण आम्ही मराठीचा आग्रह धरला आणि पुढच्या आर.एन. भेटीपासून फोनवर मराठी बोलणारी दुभाषी मिळू लागली. तुम्हीही हा आग्रह धरा. तो मान्य केला जातो.

खर्चाबद्दल थोडक्यात सांगते, कारण याविषयी फार गैरसमज आहेत. रुग्ण सहजी घराबाहेर पडू शकत नसेल, त्याला थांबून थांबून का होईना पण परिचारिकेच्या किंवा थेरपिस्टच्या कौशल्याची गरज असेल आणि डॉक्टरांनी किंवा नर्स प्रॅक्टिशनरने (उपचार लिहून देण्याचा अधिकार असलेल्या उच्चशिक्षित परिचारिकेने) प्रत्यक्ष भेटीनंतर तसे प्रमाणित केले असेल, तर मूळ मेडिकेअर होम हेल्थ भेटींचा पूर्ण खर्च देते आणि रुग्णाला काही भरावे लागत नाही. प्रमाणपत्र ६० दिवसांचे असते आणि गरज राहिल्यास ते पुन्हा देता येते. सासूबाईंचे दुसऱ्यांदा दिले गेले, आणि त्या मुदतीत जखम भरून आली. दिवसभर सोबत राहणारी बाई, स्वयंपाक किंवा केवळ देखभाल यांचा खर्च मात्र मेडिकेअर देत नाही. आपल्या आईवडिलांच्या बाबतीत आणखी एक अट लक्षात ठेवावी लागते. ज्यांनी येथे कधी नोकरी केलेली नाही त्यांना वयाची ६५ वर्षे आणि ग्रीन कार्डावरील सलग पाच वर्षांचे वास्तव्य पूर्ण झाल्यावर हप्ता भरून मेडिकेअर विकत घेता येते. २०२५ मध्ये त्यातील भाग ‘अ’चा (मुख्यतः रुग्णालयाचा खर्च) पूर्ण हप्ता महिना ५१८ डॉलर आणि भाग ‘ब’चा (मुख्यतः डॉक्टर आणि बाह्य उपचारांचा खर्च) १८५ डॉलर होता. मेडिकेअर अॅडव्हान्टेज, म्हणजे खासगी विमा कंपनीमार्फत मिळणारी मेडिकेअर योजना घेतली असेल तर एजन्सी त्या योजनेच्या यादीतील आहे का आणि पूर्वमंजुरी लागते का, हे रुग्णालय सोडण्यापूर्वीच विचारावे.

या सगळ्या काळात आमच्या ओळखीतील एका भगिनीची आठवण मला वारंवार झाली. सांगलीत जी.एन.एम. (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) करून तिने महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळवली आणि तेथे अतिदक्षता विभागात काम केले. लग्नानंतर येथे आल्यापासून मात्र ती घरी आहे. भारतातील ए.एन.एम. (ऑक्झिलरी नर्स अँड मिडवाइफ) ही दोन वर्षांची, तर जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका. येथे त्यांपैकी कोणतीही नोंदणी थेट चालत नाही. आधी शिक्षणाच्या कागदपत्रांचे मूल्यांकन करून घ्यावे लागते, मग राज्याचे मंडळ कोणत्या परीक्षेला बसता येईल ते ठरवते, आणि काम करण्याचा व्हिसा हा त्यापुढचा वेगळा अडथळा असतो. नियम रुग्णांच्या सुरक्षिततेसाठी आहेत आणि ते असावेत. तरीही एवढ्या कसलेल्या हातांना वर्षानुवर्षे स्वस्थ बसावे लागते, याचे मला वाईट वाटते. तिच्यासारख्या कोणी हे वाचत असतील तर कागदपत्रांची कामे भारतातून निघण्यापूर्वीच सुरू करावीत, कारण महाविद्यालय आणि कौन्सिल यांच्याकडून थेट पाठवली जाणारी प्रमाणित कागदपत्रे मिळवण्यातच सर्वांत अधिक वेळ जातो.

एजन्सी निवडताना मेडिकेअरच्या संकेतस्थळावरील तारांकने आम्ही पाहिली होती. शुश्रूषेच्या गुणवत्तेचे तारे वेगळे असतात आणि रुग्णांच्या मतांचे वेगळे, म्हणून दोन्ही पाहावेत. आमच्या एजन्सीला पहिले तारे चांगले होते आणि दुसरे कमी, आणि आमचा अनुभवही त्याच्याशी जुळणारा आला. पण फोनवर विचारायचे प्रश्न त्याहून अधिक उपयोगाचे ठरतात. नियमित भेटीला आर.एन. येणार की एल.पी.एन.? एल.पी.एन. येणार असेल तर तिची देखरेख करणारी आर.एन. कोण, ती किती दिवसांनी स्वतः येऊन पाहील आणि शनिवार-रविवारी तिला कोणत्या क्रमांकावर गाठायचे? नेहमीची परिचारिका सुट्टीवर गेली तर तिच्याच परवान्याची बदली मिळेल का? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणाऱ्या एजन्सीकडेच काम सोपवावे.

पुन्हा गरज पडली तर या एजन्सीकडे मी जाईन, पण त्याच दोन परिचारिका मिळत असतील तरच, आणि बदलीची व्यवस्था आधी लेखी घेऊन. शुश्रूषेला मी पाचपैकी पाच तारे देते, कार्यालयाला दोन. सेवा सुरू होताना रुग्णाचे हक्क आणि राज्याच्या तक्रार कक्षाचा दूरध्वनी क्रमांक असलेला कागद प्रत्येक एजन्सीला द्यावा लागतो. तो फ्रिजवर लावून ठेवावा, आणि शनिवारच्या प्रसंगासारखे काही घडले तर एजन्सीच्या उत्तराची वाट न पाहता त्या क्रमांकावरही कळवावे.